स्वतःच्या सहीचा दाखला

तो आला तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते, आणि आमच्या खोलीतला एकुलता एक पंखा आमच्या वरिष्ठ सोनुन एजेंच्या दिशेला वळून तिथेच अडकून बसला होता.

जुलै संपत आला होता. बिश्केकच्या रस्त्यांवरचं डांबर चपलेला चिकटत होतं. मेडिकल इन्स्टिट्यूटच्या तळमजल्यावर प्रवेश समितीची आठ टेबलं मांडलेली, आणि फार्मसीचं तिसरं वर्ष संपवून मी सुट्टीभर त्यातल्या चार नंबरच्या टेबलावर बसत होते. काम सोपं होतं. समोर येईल त्याचे कागद बघायचे, एकेकावर खूण करायची, आणि जो कागद नसेल तो नाही म्हणून सांगायचं. दिवसातून पन्नास वेळा "नाही" म्हणून म्हणून माझा चेहराच नकारासारखा झालाय, असं आई म्हणायची.

"बसा, बाइके," मी वर न बघताच म्हटलं. बाइके म्हणजे मोठे दादा.

"बाइके नको," समोरून आवाज आला. "रांगेत दोन तास सतरा-सतरा वर्षांची पोरं मला बाइके, बाइके करतायत. आता मला म्हातारा झाल्यासारखं वाटायला लागलंय."

मी वर बघितलं. उन्हानं रापलेला चेहरा, नाकाच्या शेंड्यावर सालपटं, आणि डोळे... डोळे बर्फावर बघून बघून बारीक झालेले. इस्त्री केलेला शर्ट. इस्त्री बहुधा गादीखाली ठेवून केलेली.

"मग काय म्हणू?"

"एलामान. कागदावर आहेच."

कागदावर होतंच. वय सव्वीस. गाव उच-बुलाक, डोंगराळ नारिनच्या पार वरच्या अंगाला. काम — फेल्डशर. म्हणजे जिथे डॉक्टर पोचत नाही तिथे जो असतो, तो. टाके घालणं, सुया देणं, बाळंतपण, सगळं त्याच्याच गळ्यात. सात वर्षं करत होता. राष्ट्रीय चाचणीचे गुण चांगले होते. जिल्ह्याचं शिक्क्याचं पत्र होतं — उच-बुलाकसाठी मेडिकलची एक जागा राखून ठेवलेली. जो ती घेईल त्यानं सहा वर्षं शिकायचं आणि मग परत त्याच गावात जाऊन डॉक्टरकी करायची. मूळ पदविका होती. सहा फोटो होते, सहाही फोटोंत तो कुणीतरी त्याला रागावल्यासारखा बघत होता.

एकेक खूण करत मी आरोग्य दाखल्यापाशी आले आणि थांबले.

"हा दाखला कुणी दिलाय?"

"उच-बुलाकच्या आरोग्य केंद्रानं."

"ते दिसतंय. सही कुणाची आहे?"

"माझी."

मी दाखला परत वाचला. *एलामान यास तपासले. दृष्टी उत्तम. श्रवण उत्तम. हृदय, फुप्फुसे निर्दोष. दात — खाली उजवीकडे एक किडलेला. शिक्षणास योग्य.* खाली सही. एलामान, फेल्डशर. वर गोल शिक्का, अगदी नीट, शाई न पसरू देता मारलेला.

"तुम्ही स्वतःच स्वतःला तपासलंत?"

"मग काय करू? केंद्रात मी एकटाच आहे. शेजारच्या गावात एक डॉक्टर आहे, पण तो गुरांचा. त्याची सही चालत असेल तर आणतो."

मला हसू आवरेना. ओठ दाबून बघितले, नाही जमलं. मग तोही हसला — आधी डोळ्यांनी, मग उशिरा तोंडानं.

"आणि दात?" मी विचारलं. "दात तरी लपवायचा."

"खोटा दाखला कसा देणार?" तो गंभीरपणे म्हणाला. "माझी सही आहे त्यावर."

महिनाभरात माझ्यापुढून हजारेक दाखले गेले असतील. सगळे कसे ठणठणीत होते. स्वतःच्या दाखल्यावर स्वतःचा किडका दात लिहिणारा माणूस मी पहिल्यांदा बघत होते.

सोनुन एजेंनी चष्मा कपाळावर चढवून दाखला हातात घेतला. त्या समितीच्या सचिव, सगळ्यांच्या एजे म्हणजे मोठ्या ताई, वीस वर्षं याच खोलीत. त्यांनी वाचला, पुन्हा वाचला, आणि चहाची वाटी खाली ठेवली. "पोरा, तब्येत छान आहे तुझी. पण हा चालणार नाही. शहरातल्या पॉलिक्लिनिकमधून सात डॉक्टरांच्या सह्या आण. उद्या पाचला कागद घेणं बंद होतं."

"उद्या? सात?"

"सात. आणि कुणी दोन-दोन सह्या करत नाही तिथे."

तो कागद गोळा करायला लागला. घाई नाही, चिडचिड नाही. फक्त दाखल्याची घडी त्याला दोनदा घालावी लागली... आणि ते मला दिसायला नको होतं, असं उगीच वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीपर्यंत त्याचा पत्ता नव्हता. मी तीनदा दाराकडे बघितलं. चौथ्यांदा सोनुन एजे म्हणाल्या, "दारावर काही लिहिलंय का, बुरुल?"

"नाही, एजे."

"दरवर्षी वरून असा एक जण येतो आणि एका कागदापायी परत जातो," त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या. "पॉलिक्लिनिकला तुझी मावशी आहे ना? जा. साडेचारपर्यंत ये. मी कुणाला काही विचारणार नाही, तूही मला काही सांगू नकोस."

पॉलिक्लिनिकच्या बोळात पाय ठेवायला जागा नव्हती. तिथली रांग डोळ्यांना दिसत नाही, आल्या आल्या "शेवटचं कोण?" असं विचारायचं, त्या माणसाला लक्षात ठेवायचं आणि मग त्याची पाठ सोडायची नाही. एलामान डोळ्यांच्या डॉक्टरच्या दारापाशी एका आजोबांच्या शेजारी बसला होता, आणि त्यांच्या औषधाच्या गोळ्या तळहातावर घेऊन एकेक समजावत होता.

"किती सह्या झाल्या?" मी विचारलं.

तो दचकून उभा राहिला. "तुम्ही?"

"किती?"

"दोन."

"सकाळी आठपासून दोन?"

"एक बाई होत्या, कडेवर मूल, ताप होता त्याला. त्यांना पुढे जाऊ दिलं. मग दोन आज्या होत्या. मग हे..." आजोबांनी मान डोलावली. "हे दोन्ही गोळ्या एकदमच घेत होते. कुणी सांगितलंच नव्हतं."

"फार गुणी मुलगा आहे," आजोबा मला म्हणाले. "तुझाच का?"

"चार नंबरच्या टेबलचा आहे," मी म्हटलं आणि त्याच्या शर्टाची बाही धरून त्याला उठवलं. "इथे बसून दवाखाना चालवायचा नाही. आजच्या दिवस तुम्ही पेशंट आहात. पेशंटसारखे वागा. धक्के मारा, भांडा."

"मला येत नाही."

"मला येतं."

खरंच येत होतं. पुढचे अडीच तास मी जे काही केलं ते आईला कळलं असतं तर तिनं मला घरात घेतलं नसतं. मावशीला गळ घातली, एका बाईशी भांडले, एका नर्सला तिच्या मुलाच्या प्रवेशाची सगळी माहिती उभ्या उभ्या सांगितली. डोळे झाले, कान झाले, छातीचा फोटो झाला. दातांच्या डॉक्टरनं त्याचं तोंड उघडून म्हटलं, "खाली उजवीकडे एक किडलाय," आणि बाहेर आल्यावर तो माझ्याकडे असा काही विजयानं बघायला लागला, जसा काही चाचणीत पहिला आलाय.

शेवटची सही फिजिशियनची. पांढऱ्या भुवयांचे म्हातारे डॉक्टर. त्यांनी रक्तदाबाचा पट्टा बांधला, रबरी फुगा दाबला, भुवया वर केल्या. परत दाबला.

"एकशे साठ. या वयात? वर काय मीठ खातोस का नुसतं?"

"कधीच नसतो एवढा," एलामान गोंधळून म्हणाला. "मी दर महिन्याला बघतो."

डॉक्टरांनी त्याच्याकडे बघितलं. मग दारापाशी उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा त्याच्याकडे.

"मुली, तू जरा बाहेर थांब."

मी बाहेर थांबले. दार नीट लागत नव्हतं. फुग्याची फुसफुस ऐकू आली, मग म्हाताऱ्याचा आवाज — "एकशे वीस. मला वाटलंच."

तो बाहेर आला तेव्हा त्याचे कान लाल होते. माझेही असणार. सातवी सही हातात धरून आम्ही दोघं जिन्यावरून असे उतरलो की आमच्या मधून एखादा माणूस सहज गेला असता.

परत जाताना रस्त्याच्या कडेनं पाण्याचा पाट वाहत होता. एल्मच्या झाडाच्या सावलीत एक बाई पिंपातून गार मकसिम विकत होती. त्यानं दोन ग्लास घेतले. भाजक्या धान्याची ती आंबूस चव... घसा थंड झाला आणि मला बोलायला सुचलं.

"डॉक्टर का व्हायचंय? सात वर्षं तर करताच आहात की सगळं."

त्यानं ग्लास हातात फिरवला. "फेब्रुवारीत घाट बंद होता. नऊ दिवस. एका बाईचे दिवस भरले. मूल बाहेर येताना गळ्याभोवती नाळ. जिल्ह्याची डॉक्टरीण फोनवर एकेक सांगत होती, मी करत होतो. मधे लाइन गेली."

"मग?"

"चार मिनिटं. मूल जगलं. आता लठ्ठ झालंय, माझं बोट धरलं की सोडत नाही. गाव म्हणतं, एलामाननं वाचवलं." त्यानं ग्लास संपवला. "ती चार मिनिटं मला काहीही येत नव्हतं, बुरुल. हात चालू होते, आणि आत नुसती भीती. पुन्हा कधी लाइन गेली तर... मला तिथे असं उभं राहायचं नाहीय."

त्यानं पहिल्यांदा माझं नाव घेतलं होतं. अशा गोष्टीच्या मधोमध घेतलं की त्यावर लाजताही येईना.

साडेचारला आम्ही खोलीत पोचलो. मी माझ्या खुर्चीवर बसले, तो समोर. सगळे कागद आता एका ओळीत. आता फक्त मूळ पदविका माझ्या हातात द्यायची आणि अर्जावर सही करायची, एवढंच उरलं होतं.

त्यानं पदविका टेबलावर ठेवली. पण तिच्यावरचा हात काही काढेना.

"काय झालं?"

"सकाळपासून गावातून नऊ फोन आले," तो हळू म्हणाला. "कुणाच्या पोराला खोकला, कुणाचा पाय मुरगळला. मी सहा वर्षं इथे बसलो, तर तिथे कोण? वर्षात घाट चारदा बंद होतो."

"तुमच्या जागी कुणी येणार नाही?"

"उरकुया आपा म्हणाल्या, मी बघते. त्यांनीच मला सगळं शिकवलं. पण एकाहत्तर वर्षांच्या आहेत त्या. त्यांचेच गुडघे मी बघतो."

भिंतीवरचा काटा पुढे सरकत होता. मला माहीत होतं, काय म्हटलं तर तो सही करेल. दोन वाक्यं पुरली असती. ती माझ्या ओठांवरही आली होती... आणि त्याच वेळी माझ्या लक्षात आलं, ती वाक्यं त्याच्यासाठी नव्हतीच. सप्टेंबरपासून तो याच आवारात असेल, ग्रंथालयात, जिन्यावर, चहाच्या टपरीवर — मी ते सगळं केव्हाच मांडून ठेवलं होतं.

मी खण उघडला आणि दुसरा अर्ज काढून त्याच्यापुढे ठेवला.

"हा फार्मसीचा आहे. बहिःशाल. गावात राहून करता येतो, वर्षातून दोनदा तीन-तीन आठवडे इथे परीक्षेला यायचं. तुमचे गुण त्याला पुरतात. डॉक्टर नाही होणार, पण गाव सुटणार नाही. हे सांगणं माझं काम आहे, म्हणून सांगते."

तो दोन्ही अर्जांकडे बघत राहिला. "वर्षातून दोनदा..." आणि मग, "तुम्हाला काय वाटतं?"

"मला विचारू नका."

"का? सगळे अभ्यासक्रम तुम्हाला पाठ आहेत. तुमच्याइतकं कुणाला कळणार?"

"कळतं म्हणूनच." मी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "कालपर्यंत विचारलं असतंत तर सांगितलं असतं. आज माझं मत स्वच्छ राहिलेलं नाही."

त्याला कळायला वेळ लागला. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही. टेबलावरच्या त्याच्या हाताकडे बघत होते. तो हात एकदम अगदी स्थिर झाला.

पलीकडे सोनुन एजे चहा ओतत होत्या. वाटी भरली, तरी ओतत होत्या.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. दहावा.

"आपा?" तो म्हणाला, आणि पलीकडचा आवाज इतका खणखणीत होता की आठही टेबलांनी ऐकला.

"केली का सही?"

"आपा, मी विचार करतोय..."

"विचार? अरे गाढवा, सगळ्या गावानं जिल्ह्याला लिहिलेल्या पत्रावर सह्या केल्या ते तू तिथे जाऊन विचार करावास म्हणून? तुझे आजचे सगळे पेशंट मी बघितलेत. खोकलेवाल्याला काही झालेलं नाही, त्याला शाळेत जायचं नव्हतं."

"तुमचे गुडघे, आपा."

"गुडघ्यांनी तपासते का मी?" मग आवाज थोडा खाली आला. "ऐक माझ्या लेकरा. त्या रात्री लाइन गेली तेव्हा मीही तिथेच होते तुझ्या शेजारी. चाळीस वर्षं हे काम केलं, आणि मलाही काही सुचलं नव्हतं. मला शिकायला कुणी पाठवलं नाही. तुला पाठवतोय. ठेव फोन."

एलामाननं फोन ठेवला. फार्मसीचा अर्ज उचलून त्यानं माझ्याकडे परत दिला, दोन्ही हातांनी, मोठ्या माणसाला देतात तसा. मग मेडिकलच्या अर्जावर सही केली. पदविकेवरचा हात काढला. पाच वाजायला सात मिनिटं होती.

"आता?" त्यानं विचारलं.

"आता दहा दिवसांनी यादी. उच-बुलाकच्या जागेला अजून एक अर्ज आहे. त्याचे गुण तुमच्यापेक्षा आठानं जास्त आहेत." मी पावती फाडून दिली. "हेही सांगायलाच हवं होतं."

"सगळं सांगता तुम्ही," तो म्हणाला. "आवडतं मला ते."

त्या दहा दिवसांत त्यानं मला गावाहून अकरा वेळा फोन केला. प्रत्येक वेळी काम असायचंच. "हे औषध जेवणाआधी की नंतर?" असं तो विचारायचा, सात वर्षं रोज तेच औषध देणारा माणूस. मीही गंभीरपणे "नंतर" म्हणून सांगायची. मग आम्ही दोघं फोन ठेवायचं विसरायचो. घोड्यांची खिंकाळी ऐकू यायची, वारा ऐकू यायचा... कधी कधी नुसता त्याचा श्वास. यादीबद्दल दोघंही बोलत नव्हतो. आठ गुण काही कमी नसतात. समिती नोकरीची वर्षंही बघते म्हणतात, पण किती बघते ते सोनुन एजेंनी मला सांगितलं नव्हतं, आणि विचारायची माझी हिंमत झाली नव्हती.

यादीच्या दिवशी आवार गच्च भरलं होतं. आया, बाप, काका, फुलं घेऊन आलेले, आधीच रडणारे. सोनुन एजेंनी कागद माझ्या हातात दिले. "फलकावर लाव. आणि चेहरा सरळ ठेव."

फलकापर्यंत जाताना मी वाचलं नाही. खरंच नाही वाचलं. पहिली टाचणी लावली, दुसरी लावली. गर्दी मागून रेटत होती. मला न बघताही कळलं, माझ्या बरोबर मागे कोण उभं आहे ते. तिसरी टाचणी लावताना डोळे आपोआप खाली घसरले. नारिन... जिल्हा... उच-बुलाक. तिथे एकच नाव होतं. ते नेमकं माझ्या तळहाताखाली आलं होतं, आणि मला तो हात काढावासाच वाटेना.

"बुरुल," मागून आवाज आला, अगदी हलका. "हात काढ. माझा रक्तदाब वाढतोय."

मी हात काढला.

त्यानं ओळ वाचली, परत वाचली. मग भोवतालची पोरं एकमेकांना मिठ्या मारत असताना तो नुसता उभा राहिला, आणि त्याचे ते बर्फानं बारीक झालेले डोळे भरून आले.

आम्ही आवाराच्या मागच्या बाजूला, वनस्पतींच्या बागेत जाऊन बसलो. फार्मसीवाले तिथे पुदिना आणि कॅमोमाइल लावतात. उन्हानं सगळ्याचा वास सुटला होता.

"आता मी सांगतो," तो म्हणाला. "सहा वर्षांनी मी परत वर जाणार. ते कागदावर आहे."

"मी वाचलंय. तिसरं पान."

"तिथे पाच महिने बर्फ असतं. वीज जाते. पाणी झऱ्यावरून आणावं लागतं. बाजार आठवड्यातून एकदा, तोही खाली. औषधांचं दुकान नाही, माझं एक कपाट आहे तेच. नाटक-सिनेमा काही नाही. सगळं सांगितलं पाहिजे ना आधी."

"संपलं?"

"शेजारचं गाढव पहाटे चारला ओरडतं."

"आता माझं ऐका. तुमच्या जिल्ह्याकडे फार्मासिस्टच्या नोकरीचीही एक जागा आहे. नेमणुकांची यादी माझ्या हाताखालून जाते. अकरा वर्षं ती जागा रिकामी आहे. कुणी अर्जच करत नाही." मी पुदिन्याचं पान चुरगाळलं, बोटांना वास लागला. "माझी दोन वर्षं उरलीत. म्हणजे तुमच्या आधी मीच तिथे पोचेन."

तो माझ्याकडे बघत राहिला. फुलपाखरू येऊन गेलं, तरी बघत होता.

"तू आधी एकदा ये," तो शेवटी म्हणाला. "बघ. बर्फात ये, उन्हाळ्यात सगळ्यांनाच आवडतं. मग ठरव."

"मी यायचा अवकाश, तुमच्या घरच्या बायका डोक्यावर पांढरा रुमाल टाकून मोकळ्या होतील; रुमाल पडला की मुलगी त्या घरची सून. मग कसलं बघणं आणि कसलं ठरवणं. माझ्या मावशीचं तसंच झालं. चहाला गेली होती."

तो हसला नाही. हसेल असं वाटलं होतं.

"माझ्या आईवरही असाच टाकला होता," तो म्हणाला. "ती कधी बोलत नाही त्याबद्दल. मी तिला सांगेन... नाही, सांगायला लागणार नाही. तिला माहीत आहे. ती रुमाल तुझ्या हातात देईल, घडी घालून. पेटीत ठेवायचा की डोक्यावर घ्यायचा, कधी घ्यायचा, ते तू बघ. दोन वर्षांनी बघ, सहा वर्षांनी बघ."

आवाराच्या पुढच्या बाजूला कुणीतरी अकॉर्डियन वाजवायला लागलं होतं. सोनुन एजे खिडकीतून माझ्या नावानं हाका मारत होत्या; तीनशे पावत्या उरल्या होत्या. मी उठले. दोन पावलं गेले आणि वळले.

"घाट पहिल्यांदा कधी बंद होतो?"

"डिसेंबरच्या मध्यावर. का?"

"मग डिसेंबरच्या सुरुवातीला तुमच्याबरोबर येते," मी म्हटलं. "मावशीला घेऊन."